चेक-इनची तारीख

मामाचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी स्टँड-अप मीटिंगमध्ये होतो. कॅमेरा बंद, माइक म्यूट. मीटिंग संपल्यावर ऐकला. "भाचेराव, आपलं घर हॉटेलात टाकायचं ठरवलंय. म्हंजे हॉटेल नाही, ते होमस्टे का काय म्हणत्यात ते. पाण्याकाठचं घर हाय, पुण्याची, संभाजीनगरची लोकं येतील. तू एवढा कम्प्युटर शिकलास, तेवढं बुकिंगचं करून दे." मागे म्हैस ओरडत होती आणि आजी म्हशीवर ओरडत होती.

काम दोन तासांचं होतं. मी ते पाच महिने केलं नाही.

मी घोडेगावचा. नगर-संभाजीनगर रस्त्यावरचं, नेवासे तालुक्यातलं गाव. जनावरांचा बाजार आणि कांद्याचे लिलाव यासाठी शेतकरी ओळखतात, बाकीचे लोक शनिशिंगणापूरचं वळण म्हणून ओळखतात. आमच्याकडे 'हॉटेल' म्हणजे राहायची जागा नव्हे. हॉटेल म्हणजे भजी, मिसळ आणि कटिंग. राहायचं असेल तर पाहुण्याकडे राहायचं. त्यामुळे 'घर हॉटेलात टाकायचं' हे वाक्य ऐकून मला आधी हसू आलं आणि मग पोटात कसंतरी झालं.

ते घर माझं आजोळ. घोडेगावहून प्रवरासंगमच्या दिशेला गाडीने पाऊण तास. माळवदाचं घर, पुढे लांब ओसरी, मधे चौक, मागे परसू आणि परसू संपला की नाथसागर. मामाने लिस्टिंगसाठी जो मजकूर पाठवला होता त्यात पहिलाच शब्द 'लेक व्ह्यू' होता. आता हा व्ह्यू आला कुठून, ते सांगायला हवं.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली धरणाचं लोकार्पण झालं. मधल्या दहा वर्षांत गोदाकाठची आणि प्रवरेकाठची गावंच्या गावं उठली. आजोबांनी जुन्या घराचे सागवानी खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या, दाराच्या चौकटी बैलगाडीत घालून वर आणल्या आणि नव्या गावठाणात त्याच लाकडाचं पुन्हा घर उभं केलं. जुनं घर आणि गोदेकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली. म्हणजे मामा ज्याला लेक म्हणतो त्याच्या तळाशी आमचंच शेत आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्यातला काही भाग वर येतो. लोक त्यात गाळपेर करतात, आणि आजी लांबूनच सांगते की तिथे आपली विहीर होती, तिथे चिंच होती. पण एरवी ती पाण्याकडे तोंड करून बसत नाही. ओसरीत, रस्त्याकडे तोंड करून बसते.

लोक इथे पाणी बघायला पैसे देऊन येणार, हे मामाने तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पानी बगायला पैशे देत्यात व्हय?"

या घराला दार आहे, पण ते दिवसा लावलेलं मी कधी पाहिलं नाही. नाथषष्ठीला पैठणला जाणारी एक दिंडी दरवर्षी आमच्याकडे एक मुक्काम करते. चाळीस-पन्नास माणसं. ओसरीत, चौकात, माळवदावर झोपतात. पिठलं, भाकरी, ठेचा. सकाळी काकड्याच्या आवाजाने आम्ही पोरं उठायचो तेव्हा अर्धी दिंडी वाटेला लागलेली असायची. दिवाळीनंतर मेंढपाळ येतात, रानात त्यांचा वाडा बसतो. मराठीत वाडा हा शब्द सरदाराच्या घरालाही आहे आणि मेंढरांच्या उघड्यावरच्या मुक्कामालाही आहे, हे मला फार आवडतं. बाकी कुणाची गाडी बंद पडलेली, कुणाची शेवटची एसटी चुकलेली. आजी नाव विचारायच्या आधी पाणी देते. गाव नंतर विचारते.

अशा घराला 'पर नाइट' दर लावायचा?

मी बुकिंगचा फॉर्म उघडून बसलो होतो, तेव्हा पहिला रकाना चेक-इनच्या तारखेचा. तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लहानपणी संस्कृतच्या सरांनी सांगितलेलं आठवलं: अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. आमच्या भाषेत सांगायचं तर अतिथीच्या टेबलमध्ये तारखेचा कॉलम रिकामा राहू शकतो, आणि कस्टमरच्या टेबलमध्ये राहू शकत नाही. मला वाटलं, सापडला फरक. याच्यावर एक छान नैतिक भूमिका घेता येईल आणि मामाला नाही म्हणता येईल.

नाही म्हणायला मी आणखी दारूगोळा शोधत होतो. शिंगणापूर तर घराशेजारीच. घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत अशी त्या गावाची ख्याती. २०११ मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा देशभर बातम्या झाल्या. पण शिंगणापूर माझ्या फार उपयोगाचं नव्हतं. ज्या गावात दाराला कडी नाही त्याच गावाच्या रस्त्यावर गाड्या अडवून पूजेच्या ताटाच्या दुकानात नेणारे लटकूही असतात. उघडं दार आणि धंदा एकाच रस्त्यावर सुखाने नांदतात हे घोडेगावच्या पोराला कुणी शिकवायला लागत नाही.

मग डोक्यात आल्या अहिल्याबाई. २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, फाट्यावरच्या पाट्या बदलल्या, आणि त्यांचं जन्मगाव चौंडी आमच्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. देशभर घाट आणि धर्मशाळा बांधणारी बाई. वाटसरूकडून पैसे न घेण्याची याहून मोठी साक्ष कुठे मिळणार? म्हणून शोधायला लागलो आणि सर्चमध्ये सगळ्यात वर आलं ते एक हॉटेल. नर्मदेकाठी, महेश्वरच्या किल्ल्यात, अहिल्याबाईंच्या वाड्यात. एका रात्रीचं भाडं पाहिलं आणि टॅब बंद केला.

पुढच्या लाँग वीकेंडला मी आणि एक मित्र महेश्वरला गेलो. इंदूरहून दोनेक तास. घाटाजवळच्या एका साध्या लॉजवर उतरलो.

महेश्वरचा घाट पहिल्यांदा पाहताना माणूस गप्प होतो, त्यात मी काही भर घालत नाही. दगडी पायऱ्या पाण्यात उतरत जातात, त्यांच्यावर छत्र्या आणि मंदिरं, त्यांच्यावर किल्ल्याची भिंत, आणि त्या भिंतीच्याही वर वाडा. पायऱ्यांवर बायका कपडे धूत होत्या, एक प्री-वेडिंग शूट चाललं होतं, दोन म्हातारे परिक्रमेला निघालेले होते. नदीच्या मध्यभागी बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे, संध्याकाळी होड्या तिकडे जातात.

अहिल्याबाईंचं आयुष्य सगळ्यांना शाळेतून थोडंफार माहीत असतं, पण एका ओळीत मांडलं की अंगावर येतं. १७२५ चा जन्म. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले. १७६७ मध्ये एकुलता मुलगा मालेराव गेला. त्यानंतर १७९५ पर्यंत या बाईने महेश्वरहून राज्य चालवलं. जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर माळव्यात होता, त्याने त्यांना पाहिलेल्या लोकांना विचारून त्यांची दिनचर्या लिहून ठेवली. पहाटे उठून पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत दरबार आणि रात्री नऊ ते अकरा पुन्हा कामकाज. (दोन टाइम झोन सांभाळणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.) उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंना पाणी द्यायला माणसं ठेवलेली असत, आणि उभी पिकं विकत घेऊन ती पाखरांसाठी सोडलेली असत, हेही माल्कमच सांगतो.

राजवाड्याचा जो भाग सगळ्यांसाठी खुला आहे तिथे गेलो. लाकडी खांबांची ओसरी, अंगण, पांढरी गादी, देवघर. राजवाडा म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं त्यातलं काही नाही. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या पाटलाचा वाडा असावा तसं. मी मित्राला म्हटलंसुद्धा, "हे तर आमच्या आजोळासारखं आहे." तो म्हणाला, "म्हणजे भाडं लावता येईल." तिथे लिंगार्चनाची पूजा अजून रोज होते. मातीची हजारो छोटी शिवलिंगं करायची, पूजायची आणि नर्मदेत सोडायची. केलं ते दुसऱ्या दिवशी शिल्लक नाही.

हॉटेलचं दार वेगळं आहे. त्यातून तिथे राहणारे जातात.

त्या दाराची गोष्ट तशी आपल्या देशाच्या गेल्या दोनशे वर्षांची गोष्ट आहे. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वर मागे पडलं. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. हे व्हायलाच हवं होतं असं माझं मत आहे. पण त्यानंतर देशभर एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला: एवढी घरं सांभाळायची कुणी? उदयपूरच्या महाराणांनी तर १९६०च्या दशकातच पिछोला तलावातल्या जगनिवासाचं हॉटेल केलं होतं, तोच आजचा लेक पॅलेस. बाकीचे एकेक करून त्या वाटेला लागले. ज्यांनी लावली नाहीत त्यांची घरं वटवाघळांनी लावली. महेश्वरला यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे चिरंजीव रिचर्ड होळकर, ज्यांची आई अमेरिकन होती, यांनी २००० साली वाड्याच्या काही भागात हॉटेल सुरू केलं. त्याच्या वीसेक वर्षं आधी त्यांनी आणि त्यांच्या तेव्हाच्या पत्नी सॅली यांनी 'रेहवा' ही संस्था काढली होती. महेश्वरी साडीचं विणकाम मरणाला टेकलेलं होतं आणि संस्थेने मुख्यतः बायकांना मागावर बसवलं. घरात नवऱ्याच्या मागाला मदत म्हणून फुकटात राबणाऱ्या हाताला स्वतःची मजुरी मिळायला लागली.

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नुसतं वाचून पुढे गेलो होतो. मला पाहिजे होता तो दारूगोळा वेगळा होता.

तो असा. मनिकर्णिका, सोमनाथ, गया, हरिद्वार. कुठे घाट, कुठे मंदिर, कुठे उतरायची सोय. पंढरपुरात महाद्वार घाटावर होळकर वाडा आहे, आत रामाचं मंदिर. अनोळखी माणसाला नदीकाठी पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून आयुष्यभर बांधत राहिलेल्या बाईच्या स्वतःच्या नदीकाठच्या घरात आज पैसे असलेलाच माणूस पाठ टेकू शकतो. संध्याकाळी घाटाच्या पायरीवर बसून मी वर पाहत होतो. वर दिवे लागले होते, कुणीतरी कठड्याशी ग्लास घेऊन उभं होतं. मला त्या माणसाचा उगाच राग आला. त्यालाही खाली आम्ही दोघं दिसत असू, व्ह्यूचा भाग म्हणून.

तिथे बसून फोनवर बरंच वाचलं. अहिल्याबाई गेल्या त्याच वर्षी, १७९५ मध्ये, तिकडे प्रशियात कांटने शाश्वत शांततेवरचा छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात तो आतिथ्याला उपकार म्हणत नाही, हक्क म्हणतो. पृथ्वी गोल आहे, माणसं अनंत लांब पांगू शकत नाहीत, कधी ना कधी एकमेकांच्या दारात येणारच. तेव्हा दारात आलेल्याला शत्रू समजून हाकललं जाऊ नये एवढा त्याचा हक्क. पण फक्त एवढाच. घरात घेऊन जेवू घाला, असा हक्क नाही, त्याला वेगळा करार लागतो असं कांट म्हणतो. दोनशे वर्षांनी देरिदा याच गाठीपाशी येतो. खरं आतिथ्य नाव विचारणार नाही, अट घालणार नाही. पण स्वागत करायला आधी घर माझं असावं लागतं, दारावर माझा ताबा असावा लागतो, म्हणजे अट आलीच. आजी गाव नंतर का होईना विचारतेच.

'हॉटेल' या शब्दाचीही गंमत आहे. फ्रेंचमध्ये 'ओतेल' म्हणजे मुळात शहरातला मोठा खासगी वाडा. आजही पॅरिसमधल्या जुन्या वाड्यांना 'ओतेल पार्तिक्युलिए' म्हणतात. घराचं हॉटेल होणं हे शब्दाच्या पोटातच होतं. मी मात्र ते सगळं सोडून मामाला लांब मेसेज टाइप केला. त्यात आजी, दिंडी, अहिल्याबाई, धर्मशाळा सगळं होतं. शेवटी लिहिलं, 'काही गोष्टी विकायच्या नसतात.'

मामाने अंगठा पाठवला. होकार होता की चेष्टा ते कळलं नाही.

दिवाळीत आजोळी गेलो. पहाटे साडेचारला जाग आली तर मामी चुलीपुढे. गॅस आहे, पण वीस माणसांच्या भाकरी गॅसवर परवडत नाहीत. मेंढपाळांचा वाडा रानात बसला होता, त्यांच्या लेकराबाळांसाठी भाकरी चालल्या होत्या. मी चहाला बसलो आणि सहज म्हटलं, मामाला समजव, अशा घराचा धंदा करू नये, इथे आजवर सगळ्यांना फुकट मिळालं.

मामीने तव्यावरची भाकरी उलटली. "फुकट तुमच्यासाठी आसतंय. मला कव्हा फुकट व्हतं?"

मी काहीतरी म्हणणार होतो. तीच पुढे बोलली. लग्न होऊन आली तेव्हापासून सव्वीस वर्षं नाथषष्ठीच्या आदल्या रात्री ती झोपलेली नाही. दिंडीतले बुवा निघताना मामाच्या नावाने आशीर्वाद देतात, आजीच्या पाया पडतात. पुण्य कुणाला मिळतं ते देवाला ठाऊक, पण पीठ कोण मळतं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. "उद्या कुनी आलं आन् ह्याच भाकरीचे पैशे माज्या हातात दिले, तर भाकरीचं काय बिघडनारे?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. दिंडी बंद करा असंही ती म्हणत नव्हती. दिंडी आली नाही तर चुकल्यासारखं होईल, हेही तीच म्हणाली.

माझ्या डोक्यातली इमारत तिथे चुलीपाशीच खाली बसली. जे वापरणाऱ्याला फुकट असतं त्याचं बिल दुसरीकडे कुठेतरी जात असतं. हे तर मी रोज ऑफिसात पाहतो. फ्री प्लॅनचे सर्व्हर काही हवेवर चालत नाहीत. मग आजोळाच्या बाबतीत हा प्रश्न मला इतकी वर्षं का पडला नाही? कारण मी पाहुण्यांच्या बाजूला बसून जेवत होतो.

मग अहिल्याबाईंच्या धर्मशाळांकडेही पुन्हा पाहिलं. त्यांचा दानधर्म बराचसा 'खासगी'तून होत असे. दौलत म्हणजे राज्याचा खजिना, आणि खासगी म्हणजे होळकरांच्या घरातल्या स्त्रियांकडे असलेलं वेगळं उत्पन्न. १७३४ मध्ये पेशव्यांनी ते मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने लावून दिलं, पुढे ते अहिल्याबाईंकडे आलं. त्या काळात बायकोच्या नावाने स्वतंत्र हिशेब असणं, आणि त्या हिशेबातून एका विधवेने देशभर बांधकाम करणं, ही गोष्ट मला आता घाटांपेक्षा मोठी वाटते. पण खासगीचं उत्पन्नही शेवटी गावांच्या महसुलातून यायचं. काशीत फुकट उतरणाऱ्या यात्रेकरूचं बिल माळव्यातला किंवा खानदेशातला कुणी कुणबी भरत होता. त्याने ते आनंदाने भरलं असेल किंवा नसेल, त्याला कुणी विचारलं नव्हतं. अहिल्याबाईंचा मोठेपणा यामुळे कमी होत नाही. त्या काळच्या इतर सत्ताधीशांनी तोच महसूल कशावर उडवला ते पाहिलं की उलट वाढतो. पण 'फुकट' हा शब्द मला आता तोंडात बसत नाही.

त्या खासगीचा शेवटही ऐकण्यासारखा आहे. स्वातंत्र्यानंतर या धर्मादायाच्या मालमत्तांसाठी 'खासगी ट्रस्ट' झाला, मालकीवरून आणि व्यवहारांवरून वाद झाले, आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की या ट्रस्टला सार्वजनिक न्यासांचा कायदा लागू होतो. नावात खासगी, कायद्यात सार्वजनिक. घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांना हे कोर्टाने सांगायची गरज पडली नसती.

मग मला महेश्वरच्या वरच्या कठड्यावर उभ्या असलेल्या माणसाचा आलेला राग आठवला. तो माणूस निदान आपलं बिल भरत होता. त्या पैशाने छप्पर गळायचं थांबत असेल, कुणाचा पगार होत असेल. माझा खरा आक्षेप हॉटेलवर नव्हताच. वरचं दार बंद झालं तरी खालचा घाट उघडा आहे, अंगण उघडं आहे, मातीची लिंगं रोज होतात. हे सगळंच एके दिवशी तिकिटात गेलं तर मात्र माझं भांडण आहे. घराने पैसे घेतले याहून, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला त्या घरात शिरायला आता कुठली जागा उरली, हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो. आणि ती जागा उघडी ठेवायला कोण पहाटे साडेचारला उठतं, हा त्याच्याही आधीचा.

मेंढपाळांचं उदाहरण मी उगाच दिलं नव्हतं. रानात मेंढरं बसली की खत मिळतं, म्हणून शेतकरीच मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे पाहुणा मुक्काम करतो आणि यजमान त्याला पैसे मोजतो. आमच्याकडे हे पिढ्यान् पिढ्या चालू आहे आणि त्याने कुणाचं आतिथ्य बाटलेलं मी ऐकलं नाही. वाड्यावरची पोरं आमच्याच ओसरीत येऊन मोबाइल चार्ज करतात.

तरीही एक काटा राहिलाच, आणि तो मामीच्या उत्तराने निघत नाही. मामाने लिस्टिंगसाठी फोटो काढले होते. पाणी, माळवद, सूर्यास्त, आणि ओसरीत बसलेली नऊवारीतली आजी. खाली लिहिलं होतं, 'आजीच्या हातची चव.' आजीने गेल्या दहा वर्षांत पोळपाटाला हात लावलेला नाही. मी तिला तो फोटो दाखवला, कारण तिला न विचारता टाकायचा नव्हता. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. म्हणाली, "माजा फोटू कशाला? मी काय इकायला हाय?"

मला वाटतं, घराचं हॉटेल होताना धोका इथे असतो. खोली भाड्याने देणं ठीक. भाकरीचे पैसे घेणं ठीक, किंबहुना बरं. पण येणाऱ्याला 'खरं गाव' हवं असतं आणि ते दाखवायला घरातली माणसं सजावटीसारखी मांडावी लागतात. महेश्वरला गल्लोगल्ली अहिल्याबाईंचं नाव आहे, साडीच्या दुकानावर, चहाच्या टपरीवर, हॉटेलवर. गेलेल्या माणसाला विचारता येत नाही. आजीला विचारता येत होतं, आणि तिने उत्तर दिलं होतं.

फोटो काढून टाकला. मामा नाराज झाला, कारण त्याच्या मते सगळ्यात चांगला तोच होता. खरं तर होताही.

डिसेंबरात मी फॉर्म पूर्ण केला. पाण्याकडच्या मागच्या दोन खोल्या तेवढ्या भाड्याला आहेत. ओसरी आणि चौक लिस्टिंगमध्ये नाहीत. पैसे मामीच्या खात्यात येतात. यावर घरात दोन दिवस बोलणं बंद होतं, मग मामाच म्हणाला की नाहीतरी शेवटी घरातच राहतात. दर मामीने ठरवला. मी सुचवला होता त्याच्यापेक्षा दोनशे रुपये जास्त. रानाच्या कडेला मेंढरं बसतात तिथे मामाला तंबू लावायचे आहेत, ते भांडण अजून मिटलेलं नाही. मिटेल असं वाटतही नाही, कारण पाहुणे आणि मेंढरं दोघंही हिवाळ्यातच येतात.

शेवटचं काम उरलं होतं ते नाथषष्ठीला बुकिंग बंद ठेवायचं. 'दरवर्षी आपोआप' असा पर्याय होता, पण त्याला इंग्रजी तारीख लागते. फाल्गुन वद्य षष्ठी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, आणि या सिस्टिमला तिथी कळत नाही. मी म्हटलं, दरवर्षी हाताने टाकावी लागेल. मामीने भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं, पानं उलटली, बोट ठेवलं. दिंडी आदल्या रात्री मुक्कामाला असते, म्हणून आदला दिवस आणि षष्ठीचा दिवस मी लाल केले.

"आनखी एक दिस बंद ठेव," ती म्हणाली.

सप्तमीला काय असतं, म्हणून मी विचारलं.

"काय नसतं. मला झोपायचंय."